आम्ही उचललेली माणसं

मलावीत २००४ साली सरकारी सेवेतल्या नर्सच्या निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या होत्या. शिकून तयार झालेल्या नर्स ब्रिटनला निघून जात, काही एड्सने दगावत, आणि मागे राहिलेल्यांचा पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नसे. तेव्हा सरकारने ब्रिटन आणि ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशांतून एक धाडसी पाऊल उचललं. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पगारात ५२ टक्क्यांची भर घातली आणि नर्सिंग महाविद्यालयांतल्या जागा वाढवल्या. परदेशी मदतीतून इमारती बांधाव्यात, औषधं आणावीत, पण सरकारी नोकरांचे पगार देऊ नयेत, असा तोवरचा रिवाज होता. तो मोडल्यावर महत्त्वाच्या संवर्गांतल्या कर्मचाऱ्यांची संख्या २००४ मधल्या ५,४५३ वरून २००९ पर्यंत ८,३६९ वर गेली.

हा कार्यक्रम चालू असतानाच मी तिथे पोचले, आणि माझ्या हातून त्याच्या नेमकं उलट काम झालं.

आमचा प्रकल्प आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण रोखण्याचा होता. दक्षिण मलावीतला एक जिल्हा माझ्याकडे होता आणि देणगीदारांना पहिल्या वर्षातच आकडे हवे होते. अनुभवी माणसं लगेच लागणार होती, आणि ती जिल्हा रुग्णालयाशिवाय दुसरीकडे कुठे मिळणार? मी जाहिरात दिली. पगार सरकारीच्या दुपटीहून जास्त होता. बाळंतपणाचा वॉर्ड सांभाळणारी ज्येष्ठ परिचारिका आली, पर्यवेक्षक आले, औषधभांडाराचा हिशेब तोंडपाठ असलेला कारकूनही आला. त्यांचं काही चुकलं नाही. घरी मुलं शिकत होती, फी भरायची होती. चुकलं माझं. त्या परिचारिकेच्या हाताखाली नव्या मुली शिकत होत्या. ती गेल्यावर रात्रपाळीला त्याच मुली एकट्या उरल्या. रात्री अडलेल्या बाईचं काय होत असेल, हे मी विचारलं नाही. बाळंतपणांची नोंद आमच्या अहवालात नव्हतीच.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. ते म्हणाले, “तुम्ही गेल्यावर यांचे पगार कोण देणार? आणि तोवर माझा वॉर्ड कोण चालवणार?” मी लागण टळलेल्या बाळांबद्दल बोलले. ते सगळं खरं होतं, पण त्यांनी जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं.

मला हा प्रश्न आधी का पडला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी मराठवाड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेली डॉक्टर. तिथे पद रिकामं राहायचं, पगार रखडायचा, पण पद सरकारचं आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असायचं. पद कुणाचं, हा मला विचार करण्याचा विषयच वाटत नव्हता.

प्रशिक्षणांचंही तेच. मलावी सरोवराकाठच्या हॉटेलात आठवडाभराची कार्यशाळा घ्यायची आणि उपस्थितांना रोजचा भत्ता द्यायचा. तुटपुंज्या पगारावर जगणाऱ्या नर्सला त्या भत्त्याचा केवढा आधार! पण खेड्यातल्या केंद्रात ती एकटीच नर्स असे. ती आमच्याकडे आली की केंद्राला कुलूप. क्षयरोगवाले, मलेरियावाले, लसीकरणवाले, सगळेच आपापल्या कार्यशाळेला तिलाच बोलावत. मी मात्र ‘प्रशिक्षित कर्मचारी’ या रकान्यात तिची भर घालत राहिले.

सगळ्यात जास्त खंत वाटते ती २०११ ची. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या सूचनांप्रमाणे गरोदर बाईला आयुष्यभराचे उपचार द्यायचे की नाही, हे सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींच्या तपासणीवरून ठरे. मलावीच्या आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की आमच्याकडे बहुतेक ठिकाणी ही तपासणीच होत नाही. नमुना जिल्ह्याला जातो आणि निकाल येईपर्यंत बाई पुन्हा येत नाही. शिवाय इथे एकेका बाईला सरासरी पाचाहून अधिक मुलं होतात, दर बाळंतपणाला औषध सुरू करायचं आणि थांबवायचं का? त्यापेक्षा एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला त्याच दिवशी, त्याच केंद्रात, कायमचं औषध सुरू करावं. मी बैठकीत विरोध केला. तपासणीशिवाय उपचार मला बेजबाबदार वाटले. आमच्या प्रकल्पाने तपासणीचं यंत्र आणलं होतं, ते वाढवावं असा माझा आग्रह होता.

माझं ऐकलं नाही, हे फार बरं झालं. हा मार्ग लागू होण्याआधी, त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत, देशभरात १,२५७ गरोदर आणि स्तनदा स्त्रियांना एचआयव्हीचे उपचार सुरू झाले होते; २०१२ च्या तिसऱ्या तिमाहीत १०,६६३ स्त्रियांना. हे काम साध्या सरकारी केंद्रांतल्या नर्सनी केलं. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हा मार्ग आपल्या शिफारशींत घेतला. आमचं यंत्र प्रकल्प संपल्यावर बंद पडलं. त्याची रसायनं सरकारच्या खरेदी यादीत नव्हती, आणि ती यादी मी कधी मागवलीही नव्हती.

सरकारच्या हाती पैसा देणं सोपं आहे, असं मी म्हणत नाही. २०१३ च्या ‘कॅशगेट’मध्ये मलावीच्या तिजोरीतून मोठी रक्कम लुटली गेली आणि देणगीदारांनी सरकारी अंदाजपत्रकात थेट पैसे घालणं थांबवलं. त्यांची भीती खोटी नव्हती. तरीही शिस्त आणायची तर ती सरकारी हिशेबाच्या आतच, लेखापाल नेमून आणि खरेदी तपासून आणावी लागते, असं माझं ठाम मत झालं आहे. शेजारी स्वतःचं वेगळं भांडार, वेगळी नोंदवही आणि वेगळे पगार उभे केले की आतली माणसं आणखी कमजोर होतात. नंतरच्या नेमणुकांत मी प्रकल्पातला पगार सरकारी श्रेणीबाहेर ठेवायला नकार दिला, आणि त्यावरून वरिष्ठांशी भांडणंही झाली.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली, तेव्हा मी मलावीतल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. प्रकल्पांच्या पगारावरची माणसं घरी बसली होती. सरकारी नर्स तेवढ्या कामावर येत होत्या, आणि प्रकल्पाचे समुपदेशक व नोंदणी कारकून गेल्यामुळे त्यांचंही काम त्याच करत होत्या. माझ्या जुन्या जिल्ह्यात कोणती पदं अंदाजपत्रकात घ्यावीत, याची यादी तिथले अधिकारी करत होते. त्यांनी मत विचारलं, तेव्हा मी बाळंतपणाच्या वॉर्डातल्या रात्रपाळीची पदं सगळ्यात आधी घ्यायला सांगितली.