मालक कोण?

टोकियोत एक टेस्टर हवा होता. तिथे कंपनी काढण्याऐवजी आमच्या मॅनेजरने मधली एजन्सी गाठली. कागदावर मालक ती. करार, पगार, आरोग्यविमा, पेन्शन सगळं तिच्याकडे. काम मात्र पुण्याहून आम्ही सांगणार. थोडक्यात, आपलं थर्ड पार्टी पेरोल!

मुलाखतीच्या शेवटी त्या जपानी मुलाने शांतपणे विचारलं, "तुम्ही नको म्हणालात, तर मी कुणाचा?"

"तीस दिवसांची नोटीस देऊ की," मॅनेजर नंतर मला म्हणाला. पण तिथे तेवढ्यावर भागत नाही. २००८ पासून लागू असलेल्या कामगार करार कायद्याचं कलम १६ सांगतं, रास्त कारण नसेल तर काढणंच रद्दबातल.

मी स्वतः दोन वर्षं असा काढलीत. आयकार्डाची दोरीसुद्धा वेगळ्या रंगाची! असो. एजन्सीला मेल टाकलाय: करार मुदतीचा की कायमचा? उत्तर आलं की आधी त्याला कळवणार, मग मॅनेजरला.