राजापूर आलं

पनवेल सुटल्यावर मी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, खिडकीकडे तोंड फिरवलं आणि घाईघाईनं दोन घोट घेतले. सात वर्षांची सवय. घरात मी तिच्यासमोर पाणी पीत नसे. स्वयंपाकघरात जाऊन, भांड्याचा आवाज न करता, उभ्या उभ्या प्यायचो. तिला दिवसाकाठी पाऊण लिटर, तेही चहा आणि आमटी धरून. मूत्रपिंडं बंद पडली की प्यायलेलं पाणी अंगाबाहेर जात नाही. पायांवर सूज येते, मग धाप लागते. जिच्या माहेरी पावसाळाभर मागीलदारी पऱ्या वाहतो, ती मुंबईत बर्फाचा खडा जिभेवर धरून दुपार काढायची.

लग्न झालं तेव्हा ही वाट एसटीची होती, रात्रभराची. कशेडी घाटात तिला हमखास गाडी लागायची. २६ जानेवारी १९९८ला रोह्यापासून ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटरचा सगळा मार्ग खुला झाला आणि त्याच मे महिन्यात आम्ही लेकीला घेऊन दिवसाच्या गाडीनं निघालो. रात्रीचं तिकीट मी एकदाच काढलं होतं. "झोपून माहेरी जायचं? मग नद्या कधी बघायच्या?" म्हणून तिनं ते परत करायला लावलं.

नद्या तिला पाठ होत्या. महाडकडची सावित्री, खेडची जगबुडी, चिपळूणची वाशिष्ठी, संगमेश्वरची शास्त्री. आज आषाढातल्या पावसात सगळ्या गढूळ, काठोकाठ. प्रत्येक पुलावर चाकांचा आवाज बदलला की मी खाली बघत होतो आणि नाव मनात म्हणत होतो.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा हा प्रवास थांबला, आणि महिन्याभरात वेगळ्या रीतीनं पुन्हा सुरू झाला. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. डाव्या हाताच्या फिस्टुलात दोन जाड सुया. एकीतून रक्त यंत्रात जायचं, दुसरीतून परत यायचं. चार तास छताकडे बघून करायचं काय? ती गाडीत बसायची. सुया लागल्या की म्हणायची, "चला, पनवेल सुटलं." तासाभरानं सावित्री. तिसऱ्या तासाला रक्तदाब उतरायचा, पोटऱ्यांत गोळे यायचे, मी तिचा तळवा हातात धरून वर दाबत बसायचो. तेव्हा ती डोळे मिटून एवढंच म्हणायची, "करबुडे लागला." शेजारच्या खाटेवरचे काका विचारायचे, "वहिनी, कुठवर आलो?" यंत्राची शिट्टी वाजली की सिस्टरच सांगायच्या, "काकू, राजापूर आलं."

त्या यंत्रातून एका खेपेला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी जातं. रक्त जाळीच्या अलीकडे, पाणी पलीकडे. हे तंत्रज्ञाकडून कळल्यावर मी तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आठवड्यातून तीनदा मला गंगास्नान."

गंगा म्हणजे तिची गंगा, राजापूरजवळच्या उन्हाळे गावची. टेकडीवर चौदा कुंडं आहेत, एरवी कोरडी. एखाद्या दिवशी वडाच्या मुळाशी पाणी उमटतं, कुंडं भरतात, काशीकुंडात गोमुखातून धार पडू लागते. काही दिवस राहून गंगा निघून जाते. तीन वर्षांनी येते म्हणतात, पण तो हिशेब फारसा जुळत नाही. जमिनीखालच्या पोकळ्या भरून वक्रनळीसारख्या रिकाम्या होतात, असं जाणकार सांगतात. तिला ते मान्य होतं, आणि गंगा येते हेही.

आजारपणात दोनदा तिच्या भावाचा फोन आला, "ताई, गंगा आली." पहिल्या वेळी तिच्या अंगात ताकद होती. रत्नागिरीत एका खेपेपुरती सोय करता आली असती. मी भ्यालो. वाटेत काही झालं तर, म्हणून पुढच्या वेळी जाऊ म्हटलं. पुढच्या वेळी बॅग भरून ठेवली होती आणि आदल्या रात्री तिला धाप लागली. त्या बॅगेतलं तिचं हिरवं लुगडं मी अजून जागेवर ठेवलेलं नाही.

उक्षी गेलं आणि करबुडे लागला. साडेसहा किलोमीटरचा बोगदा. पाऊस एकदम तुटला, डब्यात नुसता लोखंडाचा घणघणाट. मी हात मांडीवर घट्ट धरून बसलो. फिस्टुलावर बोट ठेवलं की आत थरथर लागायची, मांजर घुरघुरावं तशी. ती चालू आहे ना, हे मी रोज सकाळी बघायचो, तिला जागं न करता. माघातल्या त्या सकाळी बोटाखाली काहीच लागलं नाही.

भोके आलं. बाहेर पाऊस होताच.

राजापूर रोडला गाडी थांबली तेव्हा ते दोन शब्द कुणीतरी म्हणायला हवे होते. मीच म्हटले, हळू.

मेहुण्यानं स्टेशनातून रिक्षा थेट उन्हाळ्याला न्यायला सांगितली. न विचारता. "गंगा नाय हो आता," तिथली एक बाई लांबूनच म्हणाली. कुंडांत पावसाचं हातभर पाणी होतं, त्यावर वडाची पानं. मी कडेच्या दगडावर बसलो. मेहुणा छत्री धरून मागे उभा राहिला, बऱ्याच वेळानं म्हणाला, "ताई पयल्या कुंडाकडनं धावत सुटायची, शेवटच्यापर्यंत."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनींनी पाय धुवायला पाणी दिलं, ओटीवर तांब्या-भांडं आणून ठेवलं. "भावोजी, विहिरीचं आहे, घ्या." समोर झोपाळ्यावर सासूबाई, उंबऱ्याशी मेहुणा. मागे पऱ्या वाहत होता. मी भांडं उचललं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"तिकडं का वळताय?" सासूबाईंनी विचारलं.

मी त्यांच्याकडे फिरलो. सगळ्यांच्या देखत भांडं रिकामं केलं, मग दुसरं, मग तांब्यात उरलेलं. वहिनी तांब्या घेऊन पुन्हा भरायला आत गेल्या.