सुरतेहून जळगाव : जुनी गाडी, नवे घर

खानदेशातील व्यापारी कुटुंबांचे सुरतेशी नाते जुने आहे. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए सुरतेहून बऱ्हाणपुराकडे निघाला, तो नवापूर व नंदुरबार या मार्गानेच. नवापूरच्या सुगंधी तांदळाची त्याने मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. तेव्हा या वाटेने बैलांचे तांडे कापड वाहून नेत. आज त्याच दिशेने राष्ट्रीय महामार्ग ५३ धावतो, आणि कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर कधीकधी एखादी जुनी मोटारही जळगावच्या अंगणात येते. मोठ्या शहरात निवड भरपूर असते, सोयरेसंबंधही असतात. म्हणून धुळे-जळगावची अनेक कुटुंबे गाडीच्या शोधात सुरत गाठतात.

सौदा ठरला की घरात पहिला प्रश्न उभा राहतो : गाडी चालवत आणायची की वाहनवाहू ट्रेलरवर चढवायची? अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. सुस्थितीतील गाडी एका दिवसात सहज येते. परंतु टायर झिजलेले असतील, ब्रेकविषयी शंका असेल किंवा इंजिन तापत असेल, तर ट्रेलरचे भाडे हा वायफळ खर्च नव्हे. अशा वेळी गाडी चढवताना चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, किलोमीटरचा आकडा पावतीवर लिहून घ्यावा आणि वाटेतील नुकसानीचा विमा कोणाकडे, हे आधीच ठरवावे. वडीलधारी मंडळी विश्वासाने व्यवहार करीत, हे खरे. पण त्यांच्या चोपडीत प्रत्येक नोंद तारीखवार असे, हेही तितकेच खरे.

कागदपत्रांचा प्रवास गाडीच्या प्रवासाहून लांबचा असतो. गुजरातमधील गाडी महाराष्ट्रात कायमची आणायची, तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्यासाठी नमुना २८. मालकी बदलासाठी नमुने २९ व ३०. गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा बँकेचा दाखला आणि नमुना ३५. परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची, तर कायद्याने नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो : धुळ्यात एमएच १८, जळगावात एमएच १९. येथील करही भरावा लागतो. स्वस्तात मिळालेल्या गाडीची खरी किंमत हा कर धरल्यावरच कळते. विमा आपल्या नावे करण्यासाठी खरेदीपासून १४ दिवसांत अर्ज करावा, आणि फास्टॅगही नवा घ्यावा.

यात विक्रेत्याचेही हित आहे. नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून किल्ली हाती देताना ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी. त्या क्षणापूर्वीचा दंड जुन्या मालकाचा, नंतरचा नव्याचा.

मग पहाटे नवकार स्मरून गाडी निघते. बारडोली, व्यारा, सोनगड मागे पडतात. नवापूरला राज्याची सीमा येते. तेथील रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, तर अर्धा गुजरातेत. विसरवाडीनंतर कोंडाईबारीचा घाट लागतो. अपरिचित गाडीची परीक्षा इथेच होते. चढावर तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवावे, उतारावर ब्रेक दाबून न धरता खालचा गिअर घ्यावा. इंजिन तापलेच, तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी. मात्र गरम रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. उन्हाळ्यात खानदेशात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हे ध्यानी ठेवूनच निघण्याची वेळ ठरवावी.

घाट ओलांडला की साक्री तालुका येतो. तेराव्या तीर्थंकरांचे, श्री विमलनाथ भगवानांचे बळसाणे तीर्थ याच तालुक्यात. हाताशी वेळ असेल, तर वाट वाकडी करून अनेक कुटुंबे नव्या गाडीची पहिली यात्रा तिथेच करतात. पुढे पांझरेच्या काठाने धुळे. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडे जाणारा, असे तीन मोठे मार्ग या शहरापाशी भेटतात, त्यामुळे अवजड वाहनांची गर्दी अखंड असते. धुळ्यात पोहोचेपर्यंत दिवस कलला असेल आणि मंडळी चौविहार पाळणारी असतील, तर भोजन तेथेच उरकावे. सूर्यास्तापूर्वी घर गाठण्याच्या घाईत वेग वाढवणे हा व्रताचा अर्थ नव्हे.

पारोळा, एरंडोल, पाळधी करीत बांभोरीजवळ गिरणेचा पूल येतो आणि जळगावचे दिवे दिसू लागतात.

या वाटेवर आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. चातुर्मास संपला की साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. पहाटेच्या अंधुक प्रकाशात, महामार्गाच्या कडेने, अनवाणी पावलांनी ते चालत असतात. विहारातील अपघातांच्या वार्तांनी समाज अनेकदा हळहळला आहे. पुढची चार हात भूमी पाहूनच पाऊल टाकणे ही त्यांची ईर्यासमिती. जो चार चाकांवर बसला आहे, त्याला चार हात पुरत नाहीत. दिव्यांच्या झोतात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात गाडी थांबवता येईल, एवढाच वेग ही त्याची ईर्यासमिती. गाडी जुनी आणि हाताला नवखी असेल, तर त्याहूनही कमी.

गाडी दारात उभी राहते. घरातील माउली कुंकवाचे स्वस्तिक काढते, श्रीफळ वाढवले जाते. त्याच संध्याकाळी किलोमीटरचा आकडा, ताबापावती आणि विम्याची मुदत चोपडीत उतरली, की मगच ती गाडी खऱ्या अर्थाने घरची होते.