काचेभोवतीची रेघ

आमची मारुती ८०० आहे २००४ सालची. परवा रंगवायला दाखवली, तर रंगारी म्हणाला, "काकू, पुढच्या काचेभोवतीचं सीलंट आधी काढावं लागेल. मी काढलं तर मजुरी वेगळी." म्हटलं, राहू दे, मीच काढते. चौतीस वर्षं शाळेत फळा पुसला, हे काय अवघड!

अवघड होतं. फणसाचा चीक तेलाने सुटतो, पण वाळलेलं सिलिकॉन सहजासहजी विरघळत नाही. थिनर लावायचा मोह झाला होता. मुलगा फोनवर ओरडला, "आई, त्याने रंगच निघेल!" ब्लेडही नको, ओरखडे पडतात. शेवटी साबणाचं पाणी लावून प्लॅस्टिकची जुनी फूटपट्टी कडेखाली सारली. जाड पट्टी सुटली. मागे राहिलेला पातळ थर अंगठ्याने चोळून चोळून सुरळ्या करून काढायचा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. तेही आधी दाराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघितलं, रंग सुटत नाही ना म्हणून. एवढा आटापिटा अशासाठी की सिलिकॉनचा अंश जरी राहिला, तरी त्यावर नवा रंग धरत नाही, बारीक खळगे पडतात. आधीच पॉलिश पेपर मारला तर ते आणखी पसरतं.

हे सीलंट ह्यांनी २०१६ च्या पावसाळ्यात भरलं होतं. काचेच्या रबरातून पाणी गळून पायाशी साचायचं. मी म्हणत होते, गॅरेजमध्ये द्या. ह्यांचं आपलं, "दोनशे रुपयांच्या ट्यूबचं काम!" पाऊस उघडला होता, संध्याकाळ झाली होती. मी टॉर्च धरून उभी. आंबूस वास सगळ्या अंगणात. अर्ध्यावर मी वैतागले. मोतीबिंदू झालेला माणूस हट्टाने हे काय करतोय, असं काहीतरी बोलले आणि टॉर्च बॉनेटवर ठेवून घरात निघून गेले.

परवा फूटपट्टी फिरवताना ते सगळं समोर आलं. उजवीकडची रेघ सरळ, वहीत समास आखावा तशी. मधल्या जागेपासून डावीकडे ती वाकडी, कुठे जाड, कुठे तुटलेली. त्या तुटलेल्या जागांतून पाणी आत शिरून तिथेच अडकलं होतं. डावीकडे पट्टी ओढली तर खाली बोटभर गंज. उजवीकडे रंग अजून कोरा.

हे २०२१ मध्ये गेले. त्या वाकड्या रेघेवरून मी त्यांना पुढे कितीतरी वेळा हसले होते, पाहुण्यांसमोरसुद्धा. ते कधीच म्हणाले नाहीत, की तू टॉर्च ठेवून गेलीस.

रात्री मुलाचा फोन आला. म्हणाला, "बाबांचं ते काम! गंज लागणारच होता."

मी म्हटलं, "बाबांचं काम उजवीकडे आहे, ते बघ. डावीकडचं माझं आहे."

त्याला काही कळलं नाही. मग त्याला टॉर्चची गोष्ट सांगितली, आज पहिल्यांदाच. असो. डावी बाजू अजून थोडी चोळायची राहिली आहे.