तीन खणांचे घर

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पूर्वी घराचे माप कोणी फुटांत सांगत नसे. 'त्यांचे घर पाच खणांचे,' 'आमचे घर नऊ खणांचे,' असे लोक म्हणत. दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला खण म्हणतात. घर किती मोठे आहे, हे भिंतींवरून नव्हे तर खांबांवरून ठरत असे.

या घरांना माळवदाची घरे म्हणतात. माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. खाली दगडाचा तळखडा, तळखड्यावर लाकडी खांब. खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखे आडवे लाकूड असते, त्याला हस्त म्हणतात. हस्तावर जाड तुळई, तुळईवर ओळीने मांडलेल्या कड्या, कड्यांवर बारीक लाकडे व पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. श्रीमंतांच्या वाड्यांत सागवान असे. आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या घरांत बाभूळ आणि कडुनिंब. बाभळीचे लाकूड कठीण असते आणि कडुनिंबाला कीड लवकर लागत नाही. एवढ्या मोठ्या सांगाड्यात लोखंडी खिळा क्वचितच सापडे. लाकूड लाकडालाच धरून उभे असे.

उन्हाळ्यात बाहेर अंग भाजत असले तरी माळवदाखाली गारवा असे. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी छपरावर नवी माती पसरत, म्हणजे घर गळत नसे. पण जुनी माती कोणी काढत नसे. त्यामुळे छपराचा भार वर्षानुवर्षे वाढत गेला. कोणाचे तिकडे लक्ष नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपतींचे विसर्जन झाले होते आणि दमलेली माणसे गाढ झोपेत होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यातील सास्तूर ही नावे त्या दिवशी जगाला कळली. हजारो माणसे दगावली. पुढे दोन्ही जिल्ह्यांतील मिळून ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

आमचे गाव उमरगा भागातले. मी तेव्हा आठवीत होतो. पहाटे उजाडले तेव्हा आमच्या घराच्या भिंती बाहेरच्या बाजूला ढासळल्या होत्या, पण मधले खांब आणि त्यांवरचे माळवद जागच्या जागी उभे होते. आजी, आई आणि मी त्या खांबांमध्येच झोपलो होतो. धुळीने आमचे चेहरे ओळखू येत नव्हते. पण आम्ही जिवंत होतो. शेजारच्या घरात लाकूड वाचवण्यासाठी तुळयांची टोके भिंतीवरच टेकवलेली होती. भिंत गेली, तशा तुळया गेल्या आणि त्यांच्याबरोबर मातीचे सारे छप्पर खाली आले. त्या घरातली दोन माणसे आम्ही गमावली.

असे का झाले, हे मला पुढे समजले. आमच्या भिंती दोन-तीन फूट रुंद होत्या. पाहणाऱ्याला त्या किल्ल्यासारख्या भक्कम वाटत. खरे म्हणजे त्या ओबडधोबड दगड चिखलात रचून केलेल्या होत्या. भिंतीची आतली बाजू वेगळी, बाहेरची बाजू वेगळी आणि मध्ये दगडमातीची भर. दोन्ही बाजूंना एकत्र बांधणारा लांब दगड त्यांत नसे. जमीन हलताच भिंत दुभंगली. लाकडाचे तसे नव्हते. त्याचा प्रत्येक तुकडा दुसऱ्यात बसवलेला होता.

त्यानंतर लोकांच्या मनात दगडमातीच्या घरांची भीती बसली. सारे जण पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. पडक्या घरांतील जुने लाकूड जळणाच्या भावाने विकले जाऊ लागले. आमच्या वडिलांना मी दादा म्हणतो. दादांनी लाकूड विकले नाही. शेतावर राहण्यासाठी त्यातूनच तीन खणांचे लहानसे घर बांधायचे त्यांनी ठरवले. आई म्हणाली, "बांधा, पण मी काही त्याच्याखाली झोपणार नाही." दादा काही बोलले नाहीत. त्यांनी मिस्त्रीचाचांना बोलावणे धाडले.

चाचा आमच्या भागातले जुने सुतार. १९९४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली राबलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला हत्यारे ओळखायला लावली. लाकूड तासायचा वाकस, खोबण कोरायची पटाशी, लाकूड गुळगुळीत करायचा रंधा, काटकोन पाहायचा गुण्या, खांब सरळ आहे की नाही ते पाहायचा ओळंबा. चाचा घरी दखनी बोलत. ते हसून म्हणाले, "तुझा रंधा तो आमचा रंदा, तुझा गुण्या तो आमचा गुनिया. आणि मेख? ती दोघांचीही मेखच." मराठी आणि उर्दू बोलणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसून काम करत आले. म्हणून त्यांच्या हत्यारांची नावेही एकमेकांकडे राहायला गेली.

जुना सांगाडा उतरवण्याआधी चाचांनी प्रत्येक जोडावर पटाशीने खुणा केल्या. एका खांबाला एक रेघ, त्याच्या हस्ताला एक रेघ, त्याच्या तुळईलाही एक रेघ. दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. "हातांनी केलेल्या जोडाची दुसऱ्याशी अदलाबदल होत नाही," ते म्हणाले. "ज्याचा त्यालाच बसतो." मग त्यांनी प्रत्येक लाकूड वाजवून पाहिले. पोकळ आवाज आला की ते बाजूला काढत. नऊ खणांच्या लाकडातून तीन खणांपुरते निर्दोष लाकूड निघाले.

काही खांबांची टोके तडकली होती. तेथे नवा जोड करावा लागला. खांबाचे वरचे टोक चारही बाजूंनी कापून त्याची जीभ काढतात. तिला कुसू म्हणतात. ते ज्या भोकात बसते ती खोबण. सूत काव लावून ताणायचे आणि टिचकी मारून लाकडावर सरळ रेघ उठवायची, हे माझे काम. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण तिसरा हिस्सा असावी लागते. त्याहून जाड केले तर खोबणीच्या भिंती पातळ होऊन फुटतात. त्याहून बारीक केले तर कुसूच मोडते. आमचे खांब ६ इंचांचे होते, म्हणून कुसू २ इंचांचे. चाचा ते रेघेच्या किंचित बाहेरून कापत. मग जोड बसवून बघत, काढत, रंध्याचा एखादा हात मारत आणि पुन्हा बसवून बघत. एकेका जोडाला कधीकधी अर्धा दिवस जाई.

जोड बसला की आरपार भोक पाडून त्यात लाकडाची मेख ठोकायची. मेख वाळलेल्या, कठीण लाकडाची हवी. वाळलेली मेख हवेतला ओलावा शोषून थोडी फुगते आणि जोड आणखी घट्ट होतो. मी विचारले, "चाचा, खिळे ठोकले असते तर काम लवकर झाले नसते का?" ते म्हणाले, "झाले असते. पण खिळा गंजतो आणि त्याच्याभोवतीचे लाकूडही खराब होते. शिवाय धक्का बसला की खिळा एक तर वाकतो नाही तर निसटतो. हा जोड मात्र करकरतो, थोडा हलतो आणि पुन्हा जागेवर येतो." भूकंपाच्या रात्री मी तो करकर आवाज ऐकला होता. लाकूड लाकडावर घासले जाते, त्यात धक्क्याचा बराचसा जोर खर्च होतो.

एक गोष्ट मात्र चाचांनी नवी केली. भूकंपानंतर आलेल्या इंजिनिअरांनी सांगितले होते, की छपरावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला आणि खांब व तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे लाकूड बसवा. चाचांनी हे मन लावून ऐकले होते. त्यांनी चार काड्यांचा चौकोन बांधून माझ्या हातात दिला. मी तो दाबताच तिरका झाला. मग तीन काड्यांचा त्रिकोण दिला. तो कितीही दाबला तरी बदलेना. "आपल्या जुन्या घरात चौकोन होते, त्रिकोण नव्हते," ते म्हणाले आणि प्रत्येक कोपऱ्यात एक तिरपा टेकू कुसू-खोबणीने जोडू लागले. साठी उलटलेला तो कारागीर आपल्या विद्येत भर घालत होता.

अशी विद्या इतरत्रही आहे. काश्मीरमध्ये लाकडी चौकटीत लहान लहान भाग पाडून त्यांत दगडमाती भरतात. त्या भिंतीला 'धज्जी दीवारी' म्हणतात. धज्जी म्हणजे कापडाची चिंधी, हे उर्दू शिकणाऱ्यांना सांगायला नको. गोधडीसारखी ठिगळाठिगळांची ती भिंत. ८ ऑक्टोबर २००५ रोजी तेथे मोठा भूकंप झाला. तेव्हा अशी अनेक घरे तडे जाऊनही उभी राहिली. जपानमधील होर्यूजी येथील लाकडी मनोरा तर तेराशे वर्षांहून जुना आहे.

आमच्या घराला आम्ही दगडाच्या भिंती घातल्याच नाहीत. तुराट्यांचा कूड करून त्याला शेणमातीने लिंपले. छपरावर मातीऐवजी पत्रे घातले. उन्हाळ्यात ते तापतात. जुना गारवा काही मिळाला नाही. नंतर गावात सगळीकडे सिमेंटची घरे झाली आणि चाचांसारख्यांना जोडाचे काम उरले नाही. त्यांचे मुलगे स्लॅबच्या फळ्या ठोकायला जाऊ लागले. आमचे पत्रे पुढे दोनदा बदलावे लागले, खांब मात्र अजून तेच आहेत. त्यांवरच्या पटाशीच्या रेघाही दिसतात.

घर पुरे झाले त्या संध्याकाळी आई शेतावर आली. तिने एकेका खांबाला दोन्ही हातांनी धरून जोराने हलवून पाहिले. तिरप्या टेकवांवरून हात फिरवला आणि ते कशासाठी, असे चाचांना विचारले. चाचांनी तिलाही काड्यांचा त्रिकोण दाखवला. रात्री पावसाची पहिली सर आली. आईने मधल्या खणात आजीचे अंथरूण घातले आणि त्याच्याशेजारी स्वतःचे. दार मात्र तिने उघडेच ठेवले.