मे महिन्यातलं ओव्हरक्लॉकिंग

आमच्या संभाजीनगरात लग्नसराई आणि उन्हाळा एकदमच अंगावर येतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्यासारख्या शूटिंगवाल्याच्या टेबलावर हार्ड डिस्कची चळत लागते. सगळ्यात छळतं ते रात्रीच्या वरातीचं चित्रण. अंधारात चित्राला दाणे पडतात. ते काढायला बसलं की बहुतेक सगळा लोड ग्राफिक्स कार्डावर येतो. माझं कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, २०१९ सालचं मॉडेल, ६ जीबी मेमरीचं. दाणे काढून फाइल तयार होईपर्यंत चहा होतो, पेपर वाचून होतो, आणि वधूपित्याचा फोनही येऊन जातो, "भाऊ, कॅसेट कधी देता?" नवीन कार्ड परवडणारं नव्हतं. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, "मामा, कशाला खर्च करता? आहे तेच ओव्हरक्लॉक करा ना, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवा."

मला वाटलं, कॅबिनेट उघडून काहीतरी जोडावं लागेल. तसं काहीच नव्हतं. त्याने आफ्टरबर्नर नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं. ते एमएसआय कंपनीचं, पण कार्ड दुसऱ्या कंपनीचं असलं तरी चालतं. फक्त ते मूळ साइटवरूनच घ्या, हे त्याने पुन्हा पुन्हा बजावलं, कारण या नावाच्या बनावट साइटबद्दल खुद्द एमएसआयनेच २०२१ मध्ये इशारा दिला होता.

सॉफ्टवेअर उघडलं आणि मी गोंधळलो. कोअर क्लॉक, मेमरी क्लॉक, पॉवर लिमिट, टेम्परेचर लिमिट, पंखा अशा एकाखाली एक सरकपट्ट्या. कार्डाच्या माहितीत बूस्ट क्लॉक १७८५ मेगाहर्ट्झ लिहिलेला. प्रत्यक्षात मी कशालाही हात लावलेला नसताना, कामाला लागलेलं कार्ड पडद्यावर १९३५ दाखवत होतं. मी भाच्याला फोन लावला, "अरे, हे तर आधीच वाढलेलं आहे!"

तो हसला. त्याने सांगितलं ते असं. पूर्वी कंपन्या बराच वाव ठेवून आकडा छापायच्या. १९९८ सालचा इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन प्रोसेसर कितीतरी लोकांनी ४५० वर चालवला, म्हणजे दीडपट वेग फुकटात. २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० या कार्डापासून एनव्हिडियाने जीपीयू बूस्ट आणलं. तेव्हापासून कार्ड स्वतःच वीज, तापमान आणि व्होल्टेज बघून, जमेल तितका वेग क्षणाक्षणाला वाढवतं किंवा उतरवतं. "म्हणजे कंपनीनेच लिंबू पिळून ठेवलंय, मामा. आपल्याला उरलेले दोन-चार थेंब काढायचेत."

तरी थेंब तर थेंब, म्हणून बसलो. पद्धत त्याने घालून दिली होती. आधी काहीही न बदलता युनिजिन हेवन ही चाचणी चालवून गुण, तापमान आणि वेग वहीत लिहायचा. मग पॉवर लिमिट आणि कोअर क्लॉक. कोअर २५-२५ ने वाढवायचा, दर वेळी चाचणी चालवायची. तिथे गडबड झाली की एक पायरी मागे यायचं आणि मगच मेमरीला हात लावायचा. दोन्ही एकदम वाढवले तर बिघडलं कशाने ते कळत नाही. व्होल्टेजच्या पट्टीला मुळीच शिवायचं नाही. विंडोज सुरू होताच हे आकडे आपोआप लागू व्हावेत, असा एक पर्याय असतो. तो चांगली पारख होईपर्यंत बंदच ठेवायचा. मग कितीही घोळ झाला तरी पीसी रीस्टार्ट केला की सगळं मूळ पदावर येतं.

या शेवटच्या सूचनेची किंमत लवकरच कळली. कोअर क्लॉक १२५ ने वाढवला, चाचणी काही वेळ चालली आणि पडदा काळा झाला. माझा जीव टांगणीला लागला. तोच पडदा परत आला, चाचणी मात्र बंद पडलेली. कार्ड जळालं नव्हतं. दोन सेकंद कार्डाकडून उत्तर आलं नाही की विंडोज त्याचा ड्रायव्हर स्वतःहून पुन्हा सुरू करतं. कार्डाच्या आतल्या मर्यादा कंपनीने बांधलेल्या असतात आणि फार तापलं तर ते आधी वेग उतरवतं, तरीही नाही भागलं तर बंद होतं. त्यामुळे व्होल्टेज न वाढवता सरकपट्ट्या हलवणाऱ्या नवशिक्याकडून कार्ड मरणं अवघड असतं. वॉरंटीच्या अटी मात्र कंपनीगणिक वेगळ्या, त्या आधी वाचाव्यात.

मी १०० वर थांबलो. सकाळच्या गारव्यात कार्ड २०२५ पर्यंत गेलं. वाढ जेमतेम पाच टक्क्यांची, म्हणजे वीस मिनिटांचं काम एकोणीस मिनिटांत.

मग मेमरी. इथे पडदा काळा झाला नाही, काहीच झालं नाही. आकडा हजारापर्यंत वाढवला तरी चाचणी सुरळीत पार पडली. मी खूश. एका वरातीच्या तुकड्याची फाइल तयार केली आणि सवयीप्रमाणे सावकाश बघायला घेतली. नवरी गाडीतून उतरते त्या क्षणी तिच्या शालूच्या काठावर हिरवे बारीक चौकोन उमटले, एकाच फ्रेमपुरते. पुढच्या फ्रेममध्ये काठ स्वच्छ. भाचा म्हणाला, गेममध्ये असं काही चमकून गेलं तर मुलं बघतही नाहीत. पण माझ्या धंद्यात ती फ्रेम त्या घरात पन्नास वर्षं राहणार, आणि नवरीची आई ती थांबवून बघणार. बंद पडणारं कार्ड निदान सांगून बंद पडतं. न सांगता चुकणारं कार्ड माझ्यासारख्याला जास्त महागात पडणारं. मेमरीचा आकडा मी मूळ जागी नेऊन ठेवला.

खरी परीक्षा दुपारी होती. आमच्या सिडकोतल्या खोलीत दोनच्या सुमारास ३८ अंश. कूलर आहे, पण रोज नळ न येणाऱ्या शहरात त्यात किती पाणी घालणार? शिवाय त्याच्या ओल्या झोताकडे कॅबिनेटचं तोंड करायचं नाही. सकाळचेच आकडे लावून मोठं काम सुरू केलं आणि आलेख बघत बसलो. २०२५, २०१०, १९९५. कार्ड तापेल तसा वेग १५-१५ ने खाली. मग तापमान ८३ ला टेकलं. ती माझ्या कार्डाची ठरलेली मर्यादा. वेग घसरत १८९० वर आला. पंखे घोंघावत होते. सकाळी काहीही न करता १९३५ मिळत होते. दुपारी शंभर वाढवूनही तेवढे नाहीत.

कारण सरळ आहे. कार्डाचा पंखा कार्डाला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. वीज आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर खोली जितके अंश तापते, जवळपास तितकेच अंश कार्ड वर चढतं. थंड देशातल्या माणसाने सांगितलेले आकडे मराठवाड्यातल्या मे महिन्यात लागू पडत नाहीत.

तेव्हा भाच्याने उलटी वाट दाखवली, अंडरव्होल्टिंगची. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडतो. माझं कार्ड सुमारे १०५० मिलिव्होल्ट घेत होतं. मी ९०० चा बिंदू १८७५ वर नेला आणि त्यापुढची रेघ सपाट केली, म्हणजे त्याहून जास्त व्होल्टेज कार्डाने मागायचंच नाही. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून व्होल्टेज सातवा हिस्सा कमी केलं की त्याच वेगाला लागणारी वीज चौथ्या हिश्श्याने उतरते. कॅबिनेटमधली धूळही ब्लोअरने काढली.

पुन्हा दुपारी दोनला तेच काम. १२५ वॅटच्या जागी ९५ च्या आसपास. तापमान ७२. वेग १८७५, आणि तासभर जागचा हलला नाही. शंभर वाढवून धापा टाकणाऱ्या कार्डापेक्षा जेमतेम १५ ने कमी. कमी व्होल्टेजही अस्थिर असू शकतं, म्हणून काही फाइली फ्रेम-फ्रेम तपासल्या. शालू स्वच्छ.

शेजारच्या फोटोवाल्याला हे कळलं तेव्हा त्याने पहिलं विचारलं, "किती वाढवलं?" मी म्हणालो, "वाढवलं नाही, उतरवलं." त्याला पटेना. मी म्हटलं, तुझ्या कार्डाचे सकाळचे आकडे लिहून आण, आणि मग दुपारी दोनला इथे येऊन बस.