देठासकट

फळे पारखण्याची विद्या आम्हांस अवगत आहे, असा आमचा पुष्कळ वर्षांचा समज आहे. घरच्या मंडळींस तो मान्य नाही. परंतु कॉलेजात तीस वर्षे शिकविलेल्या माणसाचे समज घरच्यांच्या मताने सहसा बदलत नाहीत. गेल्या जूनमध्ये मात्र तसा प्रसंग आला, आणि तोही आमच्या जन्मगावी, निरगुडसरास.

आमच्या मातोश्री तेथे महिनाभर अंथरुणास खिळून होत्या. अन्नावरची वासना पार उडाली होती. एके दिवशी त्यांनी आपण होऊन करवंदे मागितली. महिन्याभरात त्यांनी काही मागावे असा हा पहिलाच प्रसंग. पण करवंद हा वैशाखाचा मेवा. पहिला पाऊस पडला की त्याची रया जाते. भीमाशंकराकडच्या रानांतून मंचरच्या बाजारात येणाऱ्या करवंदांच्या पाट्या बंद झाल्या होत्या. पुण्यास मात्र काश्मिरी चेरी आली होती. आंबटगोड ते आंबटगोड, असा विचार करून आम्ही एक पेटी घेतली.

निवड आम्ही अगदी शास्त्रशुद्ध केली. आंबा, केळे, चिकू ही फळे झाडावरून उतरविल्यानंतरही पिकतात. पाडाचा आंबा आढीत घातला की आठवडाभरात अमृत होतो. चेरीचे तसे नाही. तोडताना जेवढी गोडी असेल तेवढीच तिच्या नशिबी; पुढे केवळ उतरण. म्हणून तिचा ताजेपणा देठावरून ओळखावा. देठ हिरवा व लवचीक असेल तर फळ ताजे. तपकिरी होऊन वाळला असेल तर शिळे. साल तुकतुकीत असावी, फळ बोटास टणक लागावे, देठापाशी सुरकुती नसावी. शिवाय पेटीतला वरचा थर दुकानदाराचा आणि खालचा गिऱ्हाइकाचा असतो. तेव्हा बुडाचा कागद रसाने भिजला आहे काय, हेही पाहावे. हे सारे आम्ही पाहिले.

घरी आल्यावर मात्र आमच्या शिक्षणाने दगा दिला. आजाऱ्याचे फळ स्वच्छ हवे, म्हणून आम्ही सगळी चेरी धुतली; दिसावयास नीटनेटकी हवी, म्हणून देठ खुडले; आणि ती ओलीच स्टीलच्या डब्यात गच्च भरून झाकण लावले. दुसऱ्या दिवशी एस. टी.ने मंचर गाठून घरी पोहोचेतो दुपार झाली. डबा उघडला, तो आंबूस वास आला. बहुतेक फळे फुटून त्यांचा लगदा झाला होता.

मातोश्रींनी डब्यात डोकावून पाहिले. “धुवून भरलीस होय? आणि देठ कुठे गेले?”

चेरीची साल पाणी शोषते आणि तडकते. ऐन तोडणीत पाऊस आला तर बागेतली फळेही अशीच फुटतात. देठ उपटला की तेथे जखम होते व बुरशीस वाट मिळते. म्हणून ती न धुता, देठासकट, पसरट भांड्यात शीतकपाटात ठेवावी आणि खाण्यापुरतीच धुवावी. मग ती सहज आठवडाभर राहते. ही कारणे आम्ही मागाहून पुस्तकांत वाचली. मातोश्री मात्र आमच्या लहानपणी करवंदांची अशीच निगा राखीत. रांजणापाशी, ओलसर गारव्याच्या कोपऱ्यात, त्या ती सुपात पसरीत. फुटकी निवडून आधी आम्हां मुलांच्या हातांवर ठेवीत, टणक उद्यासाठी राखीत. आपल्या वाट्यास नेहमी फुटकीच येतात, याचा आम्हांस तेव्हा मोठा राग येई.

वस्तुतः चेरी गुलाबाच्या कुळातली आणि करवंद कण्हेरीच्या. दोघांचे नाते नाही. ते जुळविले बेकरीवाल्यांनी. केकवर दिमाखाने बसलेली लाल चेरी पुष्कळदा पाकात मुरवून रंगविलेले करवंदच असते. शहरात करवंद चेरी म्हणून खपते. आम्ही गावी चेरी करवंद म्हणून खपवू पाहत होतो, इतकेच.

डब्यातून अकरा फळे धड निघाली. मातोश्रींनी ती सुपात पसरावयास लावली. एक आमच्याकडून धुवून घेतले, थरथरत्या बोटांनी फोडले आणि मूठ झाकून विचारले, “सांग, कोंबडा की कोंबडी?”

पन्नाशी उलटलेल्या आम्हांस हा प्रश्न चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. आम्ही म्हणालो, “कोंबडी.”

मूठ उघडली. आत लालभडक होते.

“याही वेळी चुकलास,” असे म्हणून त्यांनी आठोळी काढून टाकली व दोन्ही फोडी सावकाश खाल्ल्या. मग म्हणाल्या, “राहिलेली झाकून ठेवू नकोस. उद्या खाईन.”

महिनाभरात त्यांच्या तोंडून ‘उद्या’ हा शब्द आम्ही ऐकला नव्हता. आम्ही सूप उचलले आणि रांजणापाशी नेऊन ठेवले.